नावं ठेवणं

किबुयेच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत
चौथ्या ओट्यावर अपोंडी बसते.
तिच्या फोनची काच तडकलेली,
पडदा कायमचा काळा.
"उजेड कुणासाठी जाळू? नुसती बॅटरी खातो."

मी नैरोबीहून रात्रीच्या बसने आलेलो,
वहीत अठरा प्रश्न,
आणि खिशात आमचं पैसे पाठवायचं ॲप,
ज्याला गेल्या वर्षी
देखणेपणाचं बक्षीस मिळालं होतं.

तिने फोन कानाशी धरला, बोट फिरवलं.
आतली बाई बोलू लागली ती
फोडणीत मोहरी तडतडावी तशी.
मला एक अक्षर लागेना.
मग पाहुण्यासाठी तिखट कमी करावं
तसा अपोंडीने वेग उतरवला,
आणि मी ऐकलं माझंच काम:

बटण.
बटण.
चित्र सत्तेचाळीस.
बटण.

"यातलं पाठवायचं कुठलं?"
"ते निळं," मी म्हणालो, "उजवीकडचं."
ती हसली नाही.
मी हसलो, आणि मध्येच थांबलो.

"मग आजवर कसं करायच्या तुम्ही?"

"ओबुयाचा पोरगा करून द्यायचा.
माझे चार आकडे त्याच्या कानात सांगितलेले.
चोर नाही हो तो.
एक शिलिंग इकडचा तिकडे केला नाही.
पण माझ्याकडे किती आहेत ते त्याला कळायचं.
किती नाहीत, तेही.
महिनाअखेरीला चहाचे पैसे देऊ लागले
की म्हणायचा, राहू द्या मावशी.
तो चहा घशाखाली उतरायचा नाही."

गिऱ्हाईक आलं. तिने डब्याने ओमेना मापली,
वर मूठभर जास्त घातली,
नोट बोटांच्या पेरांवर ताणून पाहिली
आणि पदरच्यासारखी कमरेला खोचली.
पुन्हा फोन.

आता सहा आकड्यांचा कोड आला,
तीस सेकंदांचं आयुष्य घेऊन.
बाई वाचायला लागली.
पाचव्या आकड्याशी तो मेला.
चूक झाली की आमच्याकडे चौकट लाल होते.
लाल होते, आणि गप्प बसते.
ती फोन कानाशी धरून
कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून थांबली.

मी वहीतले अठरा प्रश्न काढलेच नाहीत.

त्या रात्री लॉजवर, डासांच्या घोळक्यात,
मी आमच्या ॲपला नावं ठेवायला बसलो.
शब्दशः. एकेका बटणाला.
तोवर त्याला कुणी नावं ठेवली नव्हती
हाच तर घोटाळा होता.
चित्र सत्तेचाळीस म्हणजे 'शिल्लक ऐका'.
त्यासाठी पाऊण तास गेला.
'पाहा' लिहिलं, खोडलं. 'दाखवा' लिहिलं, खोडलं.

सकाळी बाई म्हणाली:
पाठवा बटण, बटण.
अपोंडी खदखदून हसली.
"तुझं पोर तोतरं निघालं की रे."
बटणाला बटण म्हणायचं काम बाईचं,
मी फक्त 'पाठवा' लिहायला हवं होतं.
ओट्याच्या कडेवर लॅपटॉप टेकवून
तिथेच दुरुस्त केलं. कळफलकात खवले गेले.

मग तिने बहिणीला होमाबेला दोनशे पाठवायला घेतले.
चार आकड्यांशी आली आणि थबकली.
"तोंड फिरव."

मी तोंड फिरवलं.
समोर एक माणूस कलिंगडं रचत होता.
तो रचत होता, मी बघत होतो,
माझ्या पाठीमागे काय चाललंय
ते मला कळत नव्हतं,
आणि कळायचं कारणही नव्हतं.

सात आठवड्यांनी आमची नवी आवृत्ती निघाली.
चेलिमोने निळ्याचं हिरवं केलं, कोपरे गोल केले.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही.

दुसऱ्या दिवशी व्हॉइस मेसेज आला.
नमस्कार नाही, नाव नाही.
बाजाराचा कल्ला, डब्याचा खणखणाट,
मग आतली बाई,
माझ्यासाठी मुद्दाम वेग उतरवलेली:

बटण.